दुसऱ्या काठाचा माणूस

वाळूची पोती राहू दे, कॅलम. पहाटे चारच्या आत पाणी वाढत नाही, वरच्या धरणावरून फोन आलाय. चहा घे. ब्रायडी, तूही बस. आणि मघाशी काय म्हणालीस ते परत म्हण बघू. "आपल्या बांधाच्या गस्तीला पलीकडच्या काठाचा माणूस कशाला?" हेच ना? अगदी हेच रसेल पिगॉट म्हणाला होता. त्या माणसासारखं बोलत जाऊ नकोस, पोरी. तोंड विसळावं लागेल.

हसताय काय? तुम्हाला रसेल आत्ताचा माहीत आहे, भिंतीवर पाटी लावून बसलेला. मी त्याला पन्नास वर्षं ओळखतो. वसंतात नदी चढायला लागली की हा पिवळं जॅकेट चढवून पेट्रोल पंपावर उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, किती फूट पाणी येणार. एकदाही खरं ठरलं नाही. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. वर पूर समितीचा अध्यक्ष. बुटाला कधी चिखल नाही. पुरात बुटाला चिखल लागू न देणं हीसुद्धा एक कलाच म्हणा.

त्याची जमीन उजव्या काठाला. नऊशे एकर कॅनोला, ते तेलबियांचं पीक, त्या वर्षी सगळा फुललेला, आणि नवंकोरं विटांचं घर. समोर डाव्या काठाला एल्वा मॅकिनर्नी. अडुसष्ट वर्षांची, एकटी, ऐंशी गायी. वसंत म्हणजे गायी विण्याचे दिवस. गोठ्यात तिची चाळीस वासरं होती, काही तर अजून पायांवर धड उभी राहात नव्हती.

त्या ऑक्टोबरात, आपल्याकडच्या ऐन वसंतात, नदी दोन्ही बांधांच्या काठोकाठ आली. आता एक सांगतो, ते गावात प्रत्येकाला माहीत असतं पण कुणी बोलत नाही. एका काठाचा बांध फुटला की दुसरा काठ वाचतो. फोडायला फार लागत नाही. फावड्याच्या रुंदीचा एक चर. पुढचं पाणी बघतं.

छप्पन सालच्या पुरात रसेलच्या आजाने तेच केलं. रात्री जाऊन डावा बांध फोडला. नऊ घरं गेली. गस्तीला एल्वाचा चुलता होता, लेस्टर. तो कधीच सापडला नाही. तेव्हापासून आपली रीत पडली. गस्त दोघांनी घालायची, एक या काठाचा, एक त्या काठाचा. एकटा असलास तर बरोबर टॉर्च आणि कच्च्या जागेवर खूण करायला खुंट्या. फावडं नाही. याचा कुठे कायदा नाही, पाटी नाही. शरम आहे, तेवढी पुरते.

"मग रसेलला पुरली नाही?"

रसेलला? शरम त्याच्या घरी कधी चहालाही आली नाही, कॅलम.

आता जे सांगतो ते मला त्यानेच सांगितलं, दुसऱ्या दिवशी पहाटे, माझ्या गाडीत, हीटरपुढे हात धरून. त्यानंतर एक शब्द काढला नाही. म्हणून मी ते खरं मानतो. रसेल खोटं बोलतो तेव्हा चारचौघांत बोलतो.

गुरुवार, तेरा तारीख. रात्री सव्वाअकराला एल्वाचा त्याला फोन आला. गस्तीची पाळी त्या दोघांची होती. ती म्हणाली, "वासरं उंचावर हलवतेय, अर्धा तास उशीर होईल. थांब माझ्यासाठी." हा म्हणाला, "तू वासरं बघ गं, एल्वा. मी बघतो एकटा." किती प्रेमळ! आणि गाडीत फावडं टाकून निघाला. रुंद पात्याचं, नवं. दुकानाचं लेबलही काढलेलं नव्हतं.

गाडी त्याने पुलाशी लावली. धुकं इतकं होतं की टॉर्चचा उजेड हातभर पुढे जाऊन संपत होता. पूल ओलांडायचा, डाव्या बांधावर जायचं, दहा मिनिटांचं काम. पुलाच्या तोंडाशी कुणीतरी उभं होतं. हातात रॉकेलचा कंदील.

रसेल दचकला. चोराच्या मनात चांदणं. म्हणाला, "कोण रे?"

"त्या काठाचा."

"एल्वाने पाठवलं?"

"दुसऱ्या काठाचा माणूस लागतो ना गस्तीला."

रसेलला वाटलं, दूध काढायला ठेवलेला गडी असेल. मनात शिव्या घातल्या. पण फावडं हातात होतं आणि आता परत गाडीत ठेवलं तर जास्तच दिसलं असतं. तो माणूस फावड्याबद्दल काही बोलला नाही. वळला आणि पुलावर चालायला लागला. रसेल मागे.

रसेल म्हणाला, "पुलाच्या फळ्या वाजत होत्या, नॉर्म. एक-दोन सैल होत्या."

 तुम्हीही रोज जाता त्या पुलावरून. काँक्रीटचा आहे. फळ्यांचा छप्पन साली वाहून गेला.

पलीकडे उतरले. बांधावर आले. पाणी डाव्या हाताला, बांधाच्या माथ्याखाली वीतभर. पाऊण तास चालले. हा बोलून बघायचा. "गायी किती व्याल्या?" "थंडी आहे." कंदील आपला पुढे. शेवटी रसेलने ठरवलं, गड्याला कटवायचं. म्हणाला, "तू पुढे हो. मी इथे जरा बांध दाबून घेतो, कच्चा वाटतोय."

तो माणूस पुढे झाला नाही. कंदील खाली ठेवला. उभा राहिला.

अध्यक्षसाहेबांची अक्कल बघा. कुणी समोर उभं असताना हा बांध खणायला लागला! का, तर गडीमाणूस आहे, त्याला काय कळतंय. आयुष्यभर लोकांना असंच मोजत आला. शेताकडच्या बाजूने चर घेतला. हात, दीड हात. घाम फुटला.

तेव्हा तो माणूस बोलला. "इथे नको."

"...काय?"

"इथली माती चिवट आहे. पुढे."

रसेलचे हात थांबले. मला म्हणाला, त्याच क्षणी पळायला हवं होतं. पण कंदील पुढे निघाला. आणि मागे... मागे अंधार होता. टॉर्च लागेना. तो कंदिलामागे गेला.

पन्नास पावलं.

कंदील थांबला.

"इथे."

रसेल खणू लागला. का खणलंस, मी विचारलं. म्हणाला, माहीत नाही. म्हणाला, तो जवळ उभा होता. त्याच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. थेंब नाहीत. धार. पाऊस नव्हता, नॉर्म. तेव्हा पाऊस नव्हता.

माती सुटली.

पाणी घुसलं.

रसेलने वर पाहिलं. कंदील नाही. कुणी नाही.

...

मग त्याला घंटा ऐकू आली. त्याचीच बायको व्हरांड्यातली घंटा बडवत होती. शंभर पावलांवर. त्याच्याच घरून. त्याने पूल ओलांडलाच नव्हता. उजव्या काठावर होता, सुरुवातीपासून. आपलाच बांध फोडून बसला होता.

बायको छपरावर चढली म्हणून वाचली. नवं घर खिडक्यांपर्यंत भरलं. नऊशे एकर कॅनोलाचं एका रात्रीत तळं झालं. समोर एल्वाच्या बांधावरचं पाणी दीड फूट उतरलं. तिची सगळी वासरं जगली. साडेपाचला मी त्याला बांधावर बसलेला पाहिला. बुटांना चिखल होता. पहिल्यांदा.

बिचारा वाटला असेल तुम्हाला. थांबा जरा. आठवड्याच्या आत याने काय पसरवलं? की शेजारीण वाचावी म्हणून स्वतःचा बांध स्वतः फोडला! आणि आपलं शहाणं गाव! कुणी विचारलं नाही, कुणी हिशेब मांडला नाही. सत्कार ठरवला. पितळी पाटी, केक, भाषणं. एक बाई रडलीसुद्धा. रसेलने मान खाली घालून पाटी घेतली, त्याच्यासारखी मान खाली घालायला कुणाला जमत नाही. म्हणाला, "कुणीही हेच केलं असतं." मला तिथेच ओकारी यायची राहिली.

एल्वा मागच्या रांगेत उभी राहिली. "एवढंच सांग, रसेल. स्वतःचा बांध फोडायचा होता तर गाडी पुलाशी का लावलीस? तुझं घर तिथून तीन किलोमीटर लांब."

 मग कुणीतरी केक कापायला घेतला. आपल्या लोकांना केक दिसला की प्रश्न विसरतात.

मी तिला बाहेर गाठून सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "तो पहिला चर दाखव मला."

तीन आठवड्यांनी पाणी पात्रात गेलं तेव्हा आम्ही दोघं गेलो. भगदाड तर साठ फूट रुंद झालं होतं. त्याच्या अलीकडे, पन्नास पावलांवर, तो अर्धवट चर तसाच होता. शेताकडून खणलेला. रसेलच्या फावड्याचे रुंद वार स्पष्ट दिसत होते.

एल्वा बांध उतरून नदीच्या बाजूला गेली. बराच वेळ आली नाही. मग हाक मारली, "नॉर्म, इकडे ये."

त्या बाजूनेही चर होता. समोरासमोर, अगदी रेषेत. अरुंद पात्याचे वार, खोल, एकसारखे. दोन्ही चरांच्या मध्ये वीतभर माती उरली होती, बस्स. इथली माती चिवट आहे हे त्या कंदीलवाल्याला कसं ठाऊक, ते तेव्हा कळलं. एल्वाने आत हात घालून पाहिला आणि पटकन काढून घेतला.

तो चर खणणारा नदीकडून खणत होता. त्या रात्री तिथे बारा फूट पाणी होतं.