चौथं आमेन

हे खोटं असतं तर बरं झालं असतं. आमच्या घराण्याची अब्रू तरी राहिली असती.

पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या आजोबांच्या घरात, त्यांच्या जेवणाच्या मेजावर, लख्ख सकाळी.

मला सांगितलं ते हिटी आत्यानं. पूर्ण नाव मेहिटाबेल, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ती कधी खोटं बोलायची नाही. म्हणूनच आमच्याकडे तिला कुणी फारसं बोलवायचं नाही.

गाव हॅडलो, अमेरिकेतल्या कनेटिकट नदीच्या काठचं. महिना जानेवारी. तेव्हा इथे अजून इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं, आणि हॅडलोत माझ्या आजोबांचं.

आजोबा म्हणजे रेव्हरंड पेलेग स्ट्राउड. गावच्या चर्चचे पाळक. त्यांचे वडील पाळक, वडिलांचे वडीलही पाळक. रविवारी ते व्यासपीठावर चढले की मागच्या बाकावरचं खोकणंसुद्धा थांबायचं.

घरात बायको टॅबिथा, मुलगा जोथम आणि लहानगी हिटी.

आणि स्वयंपाकघरात झिल्पा.

झिल्पा गुलाम होती. टॅबिथाच्या लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर आंदण म्हणून आलेली.

झिल्पाला मुलगा झाला. गावातल्या एखाद्या पोरीला लग्नाआधी दिवस गेले, की आजोबा तिला भर सभेत उभं करून बापाचं नाव वदवून घ्यायचे. झिल्पाला मात्र त्यांनी काहीच विचारलं नाही.

मूल बुधवारचं. तिच्या आईच्या आफ्रिकेतल्या मुलखात वारावरून नाव ठेवतात; त्या रीतीनं तिनं त्याचं नाव ठेवलं क्वाको.

"मालक, याला बाप्तिस्मा द्याल ना?" तिनं विचारलं.

"बघू," आजोबा म्हणाले.

बघू बघू करता हिवाळा आला. मूल रात्री रडायचं. एक दिवस टॅबिथा आजोबांना म्हणाली, "एक तर ते या घरात राहील, नाहीतर मी."

आजोबांनी ते नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या, पिंपं बनवणाऱ्या एका माणसाला देऊन टाकलं. फुकट. मांजरीचं पिल्लू द्यावं तसं.

झिल्पानं त्याला स्वतःच्या शालीत गुंडाळलं. हिटी खिडकीतून बघत होती. तो माणूस घोड्याची घसरगाडी घेऊन नदीच्या बर्फावरून निघाला.

वळणावर बर्फ फुटला.

माणूस वाचला. घोडासुद्धा वाचला.

"प्रभूची इच्छा," आजोबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले.

झिल्पा कणीक मळत होती. मळतच राहिली.

त्याच आठवड्यात... एका सकाळी... ते सुरू झालं.

आजोबांची रीत अशी, की न्याहारीआधी प्रार्थना व्हायची आणि प्रार्थनेत ते घरातल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचे. ज्याचं नाव येईल त्यानं 'आमेन' म्हणायचं.

"टॅबिथा."

"आमेन."

"जोथम."

"आमेन."

"मेहिटाबेल."

"आमेन."

मग आजोबा समोरचं बायबलचं पुस्तक मिटायचे. त्या दिवशी त्यांचा हात पुस्तकावर गेला, आणि...

मेजाच्या पलीकडून एक हुंकार आला.

तान्ह्या बाळाचा. पोट भरल्यावर काढतं तसा.

तिथे कुणी नव्हतं. रिकामा बाक होता.

"मांजर आत आलंय वाटतं," टॅबिथा म्हणाली. तिच्या ओठांचा रंग उडाला होता.

आजोबांनी पुस्तक मिटलं. "लापशी वाढ, झिल्पा."

झिल्पा दारातच उभी होती. ती एकेकाचं तोंड बघत होती. मागाहून तिनं हिटीला चुलीपाशी गाठलं.

"धाकट्या बाई, सगळे असे का दचकले?"

"तुझं बाळ बोललं ना!"

झिल्पानं तिचे दोन्ही दंड घट्ट धरले. "मला नाही ऐकू आलं. मला का नाही ऐकू आलं?"



त्यानंतर रोज सकाळी तेच. तीन नावं, तीन आमेन, आणि मग... तो.

सगळ्यांना ऐकू यायचं. फक्त त्याच्या आईला नाही.

आणि आवाज तिथेच थांबला नाही. तो वाढत होता.

वर्षभरानं 'मे, मे' अशी बडबड. पुढे बोबडं आमेन. मग शेजारच्या कुठल्याही पोराचा असावा तसा खणखणीत. बुडालेलं मूल त्या मेजाशी मोठं होत होतं.

झिल्पा भांडी घासता घासता विचारायची, "आज?"

"आज हसत हसत म्हणाला."

"आज?"

"आज घसा बसलाय त्याचा. खोकला."

त्या दिवशी झिल्पानं कांदा कापून मधात शिजवला. वाटी त्या रिकाम्या बाकासमोर ठेवली. टॅबिथानं ती उचलून डुकरांच्या बादलीत ओतली.

"तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय," ती म्हणाली. "मांजर आहे ते."

"आई, मांजर आमेन नाही म्हणत," जोथम म्हणाला, आणि त्याच्या कानशिलात बसली.

आजोबा नावं घेणं थांबवत का नव्हते? आत्या म्हणायची, ऐकू येतं असं कबूल केलं असतं तर कोण बोलतंय तेही कबूल करावं लागलं असतं. म्हणून ते रोज तीन नावं घ्यायचे, शांतपणे पुस्तक मिटायचे, आणि रविवारी लोकांना सांगायचे की पाप लपत नाही.

अशी वर्षं गेली. आवाज फुटला. घोगरा झाला. मग काही महिने चाचरत, दबक्या सुरात यायचा.

एका शरद ऋतूतली सकाळ. जोथम कॉलेजातून सुटीला आला होता. तोही आता पाळक होणार होता. खिडकीतून ऊन थेट मेजावर पडलं होतं.

"मेहिटाबेल."

"आमेन."

आणि मग...

"आमेन."

भरदार. शांत. खर्जातला. शेवटच्या अक्षरावर जरासा रेंगाळणारा.

हिटीनं वडिलांकडे पाहिलं. तिला वाटलं, तेच बोलले.

त्यांचे ओठ मिटलेले होते.

आवाज त्यांचाच होता. हुबेहूब. फक्त तरुण.

मग टॅबिथा उठली.

"इतकी वर्षं मी मांजर मांजर म्हणतेय," ती नवऱ्याला म्हणाली. "आता तुम्ही सांगा, काय म्हणू?"

ती निघून गेली. मरेपर्यंत त्या मेजावर जेवली नाही.

आजोबांनी पुस्तक मिटलं. "उद्यापासून नावं घ्यायची गरज नाही. देवाला सगळ्यांची नावं ठाऊक आहेत."

तेव्हा झिल्पा दारातून आत आली. त्या खोलीत न बोलावता ती कधीच येत नसे.

"मालक, नावं घ्या."

"तुझा काय संबंध?"

"माझा मुलगा तेवढ्यासाठी येतो."

"तुझा मुलगा नदीत आहे."

"एकदा तुम्ही त्याला गाडीत घालून पाठवलंत," झिल्पा म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "आज पुन्हा पाठवताय."

आजोबांनी जोथमला खूण केली. जोथमनं तिला दंडाला धरून बाहेर नेलं. तो माणूस म्हणजे माझे वडील.

त्या रविवारी आजोबा व्यासपीठावर चढले. सभा शांत झाली. त्यांनी तोंड उघडलं...

आवाजच आला नाही.

लोकांनी पाणी दिलं, पाठ चोळली. डॉक्टरांनी शिरेतून रक्त काढलं. काही उपयोग झाला नाही. त्यानंतर त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. पुढे अंगही लुळं पडलं.

मेजावरचा आवाजही थांबला.

झिल्पाच्या आग्रहावरून हिटीनं न्याहारीला नावं घेऊन पाहिली. बाईनं प्रार्थना चालवायची रीत नव्हती, तरी.

"आला?"

"नाही, झिल्पा."

वसंत ऋतू आला. दुपारची वेळ. आजोबा पलंगावर पडलेले, नजर भिंतीवर. झिल्पा त्यांना चमच्यानं लापशी भरवत होती. हो, तीच भरवायची. दुसरं कोण करणार? हिटी पायथ्याशी शिवत बसली होती.

तिच्या तोंडून सवयीनं नावं निघाली. आईचं, भावाचं, स्वतःचं.

मग थोडं थांबून ती म्हणाली, "क्वाको."

त्या घरात ते नाव स्ट्राउडांपैकी कुणी पहिल्यांदाच घेत होतं.

आणि...

"आमेन."

हिटी ताडकन उठली. "बाबा बोलले! झिल्पा, बाबा बोलले! ऐकलंस ना?"

झिल्पाचा चमचा अर्ध्यावर थांबला होता. तिनं आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड लापशीनं भरलेलं होतं.

"नाही, बाई," ती हळूच म्हणाली. "मी काहीच नाही ऐकलं."

हिटीच्या हातातली सुई बोटात घुसली.

मालकांचा आवाज झिल्पा घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून ओळखायची. ते बोलले असते, तर तिला ऐकू आलं असतं.

आजोबांनी मात्र ऐकलं होतं. त्यांचे डोळे भिंतीवरून फिरत फिरत झिल्पाच्या खांद्याच्या मागे जाऊन थांबले. तिथून हललेच नाहीत. संध्याकाळी ते मिटावे लागले.

त्यांच्या थडग्याच्या दगडावर कोरलंय: दोन अपत्यांचा प्रेमळ पिता.

घर माझ्या वडिलांना मिळालं. गायी, मेज आणि झिल्पा, सगळं एकत्रच. ती आमच्याच स्वयंपाकघरात मेली. शेवटपर्यंत तिला तो आवाज ऐकू आला नाही. आत्याही आता नाही.

गेल्या रविवारी माझ्या बाळाचा बाप्तिस्मा झाला. बाबांनी दिला. आमच्याकडे प्रार्थनेत नावं घेत नाहीत, पण बाप्तिस्म्याला घ्यावीच लागतात. त्यांनी आजोबांचं नाव घेतलं, स्वतःचं घेतलं, माझं, मग बाळाचं. सभा एका सुरात आमेन म्हणाली.

सगळं शांत झाल्यावर... वरच्या माळ्यावरून... आणखी एक आलं.

उतारवयाच्या माणसाचं. थकलेलं, शेवटच्या अक्षरावर जरासं रेंगाळणारं.

वर काळ्या लोकांना बसवतात. त्या दिवशी थंडी इतकी होती की तिथे कुणीही आलं नव्हतं.

बाळानं मान वर केली आणि ते हसलं.

बाबांचा हात पाण्याच्या भांड्यात तसाच राहिला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"कबुतर असेल," ते म्हणाले.