रोज पुढे सरकणारा दगड

"आली, आली! दाबलं बटण!" पलक ओरडली. "तीन मिनिटं वीस सेकंद!"

सुरेखाताईने रस्त्याकडेच्या पांढऱ्या दगडाला हात लावला आणि ती तिथेच मटकन बसली.

"वीस? काल पंधरा होते!"

"परवा बारा," तिची धाकटी बहीण साधना वही बघत म्हणाली. "आणि मागच्या शुक्रवारी चार."

म्हणजे ताई जितका जास्त सराव करत होती, तितकी हळू होत चालली होती!

खडकवाडीला पळण्याचे मार्ग आखून दिले होते निवृत्त बद्रीनाथ सरांनी. निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी आखावे लागतेच. सगळ्यात छोटा मार्ग आठशे मीटरचा. तो मारुतीच्या ओट्यापासून निघून ग्रामपंचायतीच्या उद्यानातून जाई. उद्यानात एक झोका होता आणि झोक्याला सहसा कुणाची तरी शेळी बांधलेली असे. पुढे मोसंबीची बाग, मग वनखात्याची कडुलिंबाची झाडी, मग एक चढ, एक उतार, आणि शेवटी '८००' लिहिलेला हा दगड. तो भागवतरावांच्या रानाला लागूनच होता. भागवतराव म्हणजे सुरेखा-साधनाचे बाबा.

आणि बाबांनीच अट घातली होती. रविवारी ते स्वतः घड्याळ लावणार. आठशे मीटर तीन मिनिटांच्या आत झाले, तर ताईने जालन्याला पोलीस भरतीच्या अकादमीत जायचे. नाही झाले, तर टेंभुर्णीच्या मावशीच्या शिवणक्लासात बसायचे. ताईने आयुष्यात एकच झबले शिवले होते. त्यात बाळाचे डोके जाईल अशी जागाच नव्हती.

"मला न्हाई जमणार," ताई बुटांकडे बघत म्हणाली. "मावशीला सांगा, मशीन पुसून ठेव म्हणावं." आणि ती घराकडे चालू लागली. एरवी ती घरीही पळतच जायची.

"ऐक ना," पलक हळूच म्हणाली. "माझं घड्याळ म्हणतंय, ताई नऊशे दहा मीटर पळाली."

पलक नवीन जालन्याच्या लालचंद बियाणेवाल्यांची मुलगी. बियाण्याच्या भावावरून लालचंदजी आणि बाबा वीस वर्षे भांडत आले होते. त्या भांडणातून इतका जिव्हाळा वाढला, की दर दिवाळीच्या सुट्टीत पलक आठवडाभर इथेच असे.

"तुझं घड्याळ!" शेजारचा हरिओम हसला. "काल तू नुसती भाकरी खात होतीस, तर ते म्हणालं दोनशे पावलं चाललीस!"

"भाकरी कडक होती, हात हलवावा लागला! बरं, मग तूच मोज!"

हरिओमकडे सायकल होती. तिला ब्रेक नव्हते, पण चाके दोन्ही होती. साधनाने शिंप्याकडून टेप आणली. पुढच्या चाकाचा एक फेरा भरला दोन मीटर आठ सेंटिमीटर. चाकाच्या तारेला लाल चिंधी बांधली.

"आठशे भागिले दोन पूर्णांक शून्य आठ," साधना म्हणाली, "म्हणजे तीनशे पंच्याऐंशी फेरे. बराबर?"

"बराबर!"

ओट्यापासून सायकल हाताने ढकलत निघाले. चिंधी वर आली की एक. एकदा शेळीने चिंधी खाल्ली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. दुसऱ्या खेपेला तीनशे पंच्याऐंशी झाले तेव्हा तिघे थांबले. दगड अजून लांब होता! पण पायाशी, तरवडाच्या झुडपाखाली, एक चौकोनी खड्डा होता. आत गवत नव्हते, कडेला पांढऱ्या रंगाचे शिंतोडे होते.

"दगड इथं होता!" हरिओम किंचाळला. "कुणीतरी उपटला!"

पुढे दगडापर्यंत अजून त्रेपन्न फेरे झाले.

"चारशे अडतीस. म्हणजे नऊशे अकरा मीटर," साधना म्हणाली. "ताई हळू नाही झाली. दगड पुढे पळतोय!"

पलकने घड्याळावरून प्रेमाने बोट फिरवले.

दगड रात्री कोण हलवत असेल यावर तिघांची बरीच चर्चा झाली. चोर, शत्रू, शिवणक्लासवाली मावशी. पण दगडाच्या अंगाला ओली काळी माती होती आणि दोरीचे ताजे वळ होते. "ही रानातली माती. रानात रात्री कोण राबतं? हे दिवसाढवळ्याचं काम आहे," साधना म्हणाली. म्हणून तिघे मोसंबीच्या बागेतून वाकत वाकत झाडीच्या कडेला आले आणि एका कडुलिंबाआड दबा धरून बसले.

सकाळी दहाच्या सुमारास गुन्हेगार आला. बैलजोडी घेऊन, गाणे गुणगुणत.

"बाबा!" साधनाच्या तोंडून निघाले.

ट्रॅक्टरवाल्याने आज-उद्या करत दिवाळी घालवली होती. म्हणून बाबा हरभरा पेरण्याआधी बैलांनी वखर मारत होते. वखर मातीत खोल बसायला वर वजन लागते. बाबांनी पांढरा दगड पोटाशी धरून उचलला, वखरावर ठेवला, दोरीने बांधला आणि "चल रं राजा!" म्हणून हाकलले. तिघे संध्याकाळपर्यंत बघत राहिले. काम थांबले तिथे बाबांनी दगड सोडला आणि रस्त्याकडेला उभा केला. आकडा रस्त्याच्या बाजूला येईल अशी काळजीही घेतली. काम रोज वीस मीटर सरकत होते. दगडही!

"चल, सांगून टाकू," पलक म्हणाली.

"नको! मी ताईची बहीण. बाबा म्हणतील, मार्ग तुम्हीच छोटा केला," साधना म्हणाली. "त्यांच्याच तोंडून आलं पाहिजे. चारचौघांत."

रविवारी सकाळी दगडापाशी गर्दी जमली. बद्रीनाथ सर शिट्टी घेऊन आले. आई, म्हणजे साळूबाई, दुरून ओठ चावत उभी होती. ताईचा चेहरा उतरलेला होता.

साधना पुढे झाली. अगदी भोळ्या आवाजात म्हणाली, "बाबा, लोक म्हणतात हा दगड कुणीतरी जागेवरून हलवलाय."

"कोन म्हणतो?" बाबा खवळले. "माझ्या रानापाशी कोनाची हिंमत हाय? ह्या दगडाला माझ्याबिगर कोनी हात लावत न्हाई! सकाळी वखराला घेतो, संध्याकाळी मीच नीट उभा करून ठिवतो. रोजच्या रोज!"

रानाच्या कडेला बांधलेल्या एका बैलाने फुर्र केले.

"भागवतराव," बद्रीनाथ सर सावकाश म्हणाले, "ठेवता कुठं?"

"हितंच की! म्हंजे... जिथं वखर थांबंल तिथं..." बाबांचा आवाज विरत गेला. त्यांनी दगडाकडे पाहिले, रानाकडे पाहिले, मग लेकीकडे पाहिले. "मंग... पोरगी किती पळून राह्यली?"

"आम्ही मोजलं तेव्हाच नऊशे अकरा मीटर!" तिघे एकदम ओरडले.

सरांनी सगळ्यांदेखत मोजायला लावले. हरिओमने सायकल ढकलली, गावाने फेरे मोजले. तीनशे पंच्याऐंशीला चाक खड्ड्यापाशी आले, फार तर हातभर इकडेतिकडे. बाबांनी दगड उचलला आणि धापा टाकत खड्ड्यात बसवला. कुणालाही हात लावू दिला नाही.

मग त्यांनी घड्याळ सरांच्या हातात दिले, ताई ओट्यापाशी जाऊन उभी राहिली आणि सरांची शिट्टी वाजली. झाडीतून ताईचा निळा शर्ट दिसला. चढावर तिचा वेग जरा मंदावला, तशी आई ओरडली, "पळ गं माझे बाय!" सगळ्यांत मोठ्याने मात्र बाबाच ओरडत होते. ताई उतारावरून सुटली ती दगड ओलांडून थेट बैलांपर्यंत!

"दोन मिनिटं छप्पन्न!" सर म्हणाले.

"छप्पन्न!" पलक आणि साधनाने एकमेकींना मिठी मारली. हरिओमने मिठी मारायला दुसरे कोणी न सापडल्याने सायकलला मारली.

"पोरांनो," सर चष्मा पुसत म्हणाले, "हा मार्ग मी आखला आणि नंतर एकदाही मोजला नाही. तुम्ही मोजलात. शाबास!"

"लई पोचलेली पोरं हायेत," बाबा म्हणाले. "मला माझ्याच तोंडानं गुतवलं." पण मिशीखाली ते हसत होते. मग त्यांनी खांद्यावरचा गमजा काढून ताईपुढे धरला. "घाम पूस. उद्या सकाळच्या एसटीनं जालन्याला निघायचं. मी येतो सोडायला."

"वखर राहिलंय ना, बाबा?"

"राहू दे," बाबा दुसरीकडे बघत म्हणाले. "एवढे दिवस तू शंभर मीटर फुकट पळलीस. मी एक दिवस बसून राह्यलो तर काय बिघडतंय!"