गाडीच्या विजेचा पहारा

"चौतीस!" गाडीच्या पडद्यावरचा बॅटरीचा आकडा वाचून दिपाली ओरडली.

"बस झाले!" रजतमामानं मोटारसायकलला किक मारली. "पण ध्यानात ठेव, वीसवर आली की ही गाडी बाहेर वीज देणं आपोआप बंद करते. नानाजीचं मशीन तासाले एकच टक्का खाते. मी तीनपर्यंत सिलिंडर घेऊन येतोच!"

आणि मामा पांदणीच्या चिखलातून फटफटत दिसेनासा झाला.

झालं होतं असं. पहाटे सुटलेल्या वावधनानं सावरखेडीतले विजेचे खांब गवताच्या काडीसारखे आडवे केले होते आणि राळेगावच्या रस्त्यावर एक भलंथोरलं कडुनिंबाचं झाड लोळत पडलं होतं. गावाला एरवी दोन दिवस लाईन नसली तरी कोणी हूं की चूं करत नाही. पण दिपाली आणि अंकुरच्या आजोबांचं, नानाजींचं, तसं नव्हतं. त्यांची फुप्फुसं थकलेली. दिवसरात्र नाकाला नळी, आणि ती नळी विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजनच्या मशीनला. घरातला इन्व्हर्टर दहालाच संपला. जवळचं सिलिंडर तासभर पुरलं. देवाची कृपा, की पोरांना सुट्टीसाठी सोडायला रजतमामा कालच यवतमाळहून आपली बॅटरीवरची गाडी घेऊन आला होता! त्यानं चार्जिंगच्या जागी एक छोटा सॉकेट लावला, त्यातून लांब वायर ओढली आणि अकराच्या ठोक्याला नानाजींचं मशीन पुन्हा घरघरू लागलं.

"गाडीनं घर चालते! बाप्पा!" सरकारी दवाखान्याच्या आशाताई म्हणून गावभर हिंडणाऱ्या विमलताई नानाजींच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावत म्हणाल्या. "आता तुमी पोट्टे आकड्यावर नजर ठेवा. मी नानाजीवर ठेवतो."

शेजारच्या देवळात हरिनाम सप्ताहाचा सहावा दिवस होता. टाळमृदंगाचा आवाज खिडकीतून येत होता आणि नानाजी डोळे मिटून मान डोलावत होते. सगळं कसं छान चाललं होतं.

एक वाजता दिपाली पुन्हा गाडीत डोकावली.

"चोवीस?"

"अवं, नीट वाच!" विमलताईंची सोनू म्हणाली. "चौतीसला चोवीस वाचलं असशील."

"तूच पाह्य ना मग!"

सोनूनं पाहिलं. चोवीसच! दोन तासांत दोन जायला हवे होते, गेले होते तब्बल दहा!

"मामाची गाडी खोटं बोलून राह्यली," अंकुर म्हणाला.

"गाडी नाही, कोणी माणूस खोटं बोलून राह्यला!" दिपालीनं पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं बाहेर जाणारी वीज दिसत होती, चोवीसशे वॅट. "अंकुर, मशीनच्या मागं पट्टी चिकटवली आहे. वाचून ये, पळ!"

अंकुर वाऱ्यासारखा गेला आणि आला. "साडेतीनशे!"

"साडेतीनशे कुठं आणि चोवीसशे कुठं! मशीनच्या नावावर दुसरंच कोणी जेवून राह्यलं!"

तिघंही वायरीचा माग काढत निघाली. अंगणातून ओसरी, ओसरीतून नानाजींची खोली, खोलीत खाटेखालचा बोर्ड. मशीनची पिन जागेवर होती. पण तिच्या शेजारी आणखी एक काळी पिन! तिची वायर ट्रंकेमागून सरकत पडद्याआडच्या खिडकीतून बाहेर गेली होती.

"चला, वायरीमागं जाऊ!" सोनू कुजबुजली.

"कायले? विचारलं तर मोठी माणसं म्हणतील, आमी नाही लावली," दिपालीचे डोळे चमकले. "चोरालेच इकडं बोलवू."

तिनं काळी पिन खस्सकन उपटली. तिघंही खिडकीखाली दबा धरून बसली. एक, दोन, तीन...

"अबे, लाईन गेली काय बे!" मागच्या अंगणातून आरोळी आली आणि हातात भलामोठा झारा, मिशांना साय लागलेली, असे गोविंदाकाका खिडकीत हजर! सप्ताहाच्या स्वयंपाकाची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती.

"सापडले!" तिघंही एकदम उभी राहिली.

काका असे दचकले की झारा थेट तुळशीवृंदावनात! "अवं पोट्टेहो, जीव घेता काय माह्या?"

"तुमीच घेऊन राह्यले, काका! नानाजीचा!" दिपालीनं काळी पिन त्यांच्यापुढं धरली.

"गॅस संपला ना वं... वीस लिटर दूध नासून राह्यलं होतं. उद्याच्या काल्याची बासुंदी! म्हटलं, देवाचं काम आहे. इंडक्शनची एवढीशी शेगडी, ती कितीक खाईन?"

"सहा मशीनं खातील इतकी!" अंकुरनं ठणकावलं. "आता फक्त चार टक्के राह्यले. पाच वाजता गाडी वीज बंद करते!"

गोविंदाकाकांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी खिडकीतून नानाजींकडे पाहिलं आणि दोन्ही कान पकडले. "चुकलो, माय."

"चुकले तं चुकले. पण आणखी कोणी मोबाईल लावन, कोणी पंखा लावन," विमलताई म्हणाल्या.

दिपालीला खिडकीतून देवळातला विणेकरी दिसला. सहा दिवस झाले, वीणा भुईला टेकली नव्हती. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, पहारा बदले पण वीणा खाली येत नसे.

"आपणही पहारा लावू!" ती म्हणाली. "पंधरा-पंधरा मिनिटं. दुसरा येऊन बसल्याशिवाय पहिल्यानं बोर्ड सोडायचा नाही!"

आणि खरंच, सोनूच्या पाळीत एक पाहुणे चार्जर घेऊन आले, अंकुरच्या पाळीत एक टेबलफॅन आला. दोन्ही आल्या पावली परत गेले! आकडा तेवीसवर आला, मग बावीसवर. तीन वाजले. मामाचा पत्ता नाही. फोनला रेंज नाही.

चार वाजता, गावात दूध घालणारे धरमसिंगदादा सायकल हातात धरून चिखलानं माखून आले. "तुया मामा झाडापलीकडं अडकला, पोरी! आटोनं सिलिंडर आणलं. मोठं आहे, चार माणसं लागतात. आटोवाला धरून दोघंच आहेत."

पडद्यावर एकवीस होते.

दिपाली धावत सुटली ती थेट मंडपात. कीर्तन ऐन रंगात आलं होतं. भर कीर्तनात उठू नये, हे तिला नानाजींनीच शिकवलेलं. तिचे पाय क्षणभर अडखळले. मग ती माणसांमधून वाट काढत महाराजांसमोर जाऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगितलं.

मृदंग थांबला. महाराजांनी उपरणं कमरेला करकचून बांधलं.

"मंडळी, पांडुरंग तिकडं झाडापलीकडं खोळंबला आहे आणि आपण इथं त्याला हाका मारतोय? उठा!"

अख्खा मंडप उठला! सर्वांत पुढं गोविंदाकाका, खांद्यावर कुऱ्हाड.

दिपाली गाडीत येऊन बसली. साडेचार. पावणेपाच. ओठांवर विठ्ठल विठ्ठल, नजर आकड्यावर. आणि लांबून टाळ ऐकू आले!

"आले! आले!" सोनू गच्चीवरून नाचत ओरडली.

पालखी यावी तसं सिलिंडर येत होतं. चौघांच्या खांद्यावर, पुढं टाळकरी, मागं निम्मं गाव! विमलताईंनी दारातच हात पुढं केले. सिलिंडरची चावी फिरली, नळी जोडली, आणि त्याच वेळी अंगणात गाडीपाशी थांबलेल्या अंकुरची किंकाळी आली, "वीस! बंद झाली!"

मशीन गप्प झालं. विमलताईंनी चिमट्यावरचा आकडा पाहिला.

"त्र्याण्णव! झकास!"

असा जयघोष झाला की छपरावरची कबुतरं उडाली! मामानं तिघांना कवेत घेतलं. "मी गाडीची चावी दिली होती, तुमी सगळं घरच सांभाळलं!"

"माह्यासारख्या म्हाताऱ्या पोराले कान धरायले लावलं यांनी," गोविंदाकाका म्हणाले. "आणि बरं केलं!"

महाराजांनी गळ्यातला झेंडूचा हार काढला. हार एक आणि पोरं तीन! दिपालीनं दोघांना जवळ ओढलं, आणि महाराजांनी तो लांबलचक हार तिघांच्या मानांभोवती मिळून घातला.

"हलू नको वं," अंकुर कळवळला, "झेंडू नाकात जाऊन राह्यला!"

आणि खाटेवरून एक आवाज आला. नानाजी हसत होते! पोट धरून, खोकल्याची उबळ न येता, चांगला मिनिटभर हसत होते.