दाराला हात न लावणारे आजोबा

हसायचं असेल तर हसा, पण आधी ऐका. गोष्ट भर दुपारची आहे. उत्तर जपानमधल्या आमच्या कुशिरोत समुद्रावरून धुकं चढलं की दुपार काय आणि तिन्हीसांज काय, सारखीच.

तुरुंगातून सुटलेल्या म्हाताऱ्यांना डोक्यावर छप्पर आणि औषधपाणी मिळवून देणं हे माझं काम. कुरामोची आजोबांचं निम्मं आयुष्य दुकानातले जेवणाचे डबे चोरून आत गेलेलं. त्यांना कुणी खोली देईना. शेवटी एका घरमालकाने दिली. नागुमो नावाची विधवा तिथे एकटीच वारली होती आणि फार उशिरा सापडली होती. नियमाप्रमाणे त्याने ते आधीच सांगितलं.

"एकच?" आजोबा म्हणाले. "तुरुंगात आमच्या बराकीत दर हिवाळ्याला दोघे-तिघे जायचे. चालेल."

त्यांना भुताची भीती नव्हती, एकटेपणाची होती. "बाई, इथे घोरायलासुद्धा कुणी नाही हो. एखादा डबा उचलतो आणि जातो आपला परत." पण या खेपेला आत गेले तर त्यांची छाती हिवाळा काढणार नाही, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. माझा जीव टांगणीला लागला.

त्यात दाराचा घोळ. तुरुंगात दार पहारेकऱ्यानेच उघडायचं, म्हणून म्हातारा स्वतःच्या दारालाही हात लावेना. रोज सकाळी मी किल्लीने उघडायचे, तेव्हा स्वारी बाहेर पडायची.

"हात आहेत ना तुम्हाला?"

"आहेत. परवानगी नाही."

मग मीच चार दिवस तापाने आडवी झाले. उठल्याबरोबर धावत गेले, म्हातारा उपाशी तरी असेल नाहीतर पकडला तरी गेला असेल. दार वाजवलं. ते सावकाश उघडलं. दाराशी कुणीच नव्हतं. आजोबा पार खिडकीपाशी गुडघे मुडपून भात खात होते. खोलीत ताज्या भाजलेल्या माशाचा वास होता.

"आजोबा, दार... कुणी उघडलं?"

"त्यांनी."

"कुणी...?"

"हळू बोला. लाजतात त्या." मग कौतुकाने म्हणाले, "पण कडक हं! परवा डबा उचलायला निघालो, तर दार उघडेचनात. तासभर विनवलं. पहारेकरी असावा तर असा. आणि घोरतात काय सुरेख!"

"मग आता परत जायचं नाही ना?"

"छे! सोडतील तर ना."

मला हायसं वाटलं, खरंच सांगते. रिकाम्या कोपऱ्याकडे वाकून मी म्हणाले, "सांभाळा हो यांना."

निघाले. येताना मी बूट कसेही भिरकावले होते. आता ते दाराकडे तोंड करून नीट जुळवून ठेवलेले होते, घरची बाई पाहुण्याला वाटेला लावताना ठेवते तसे. आजोबा तर माझ्यासमोरून हललेही नव्हते.

शेजारीच त्यांचे जोडे होते. त्यांची तोंडं आत खोलीकडे होती आणि दोन्हींच्या नाड्या एकमेकींत बांधलेल्या होत्या... गाठीवर गाठ, गाठीवर गाठ.