मागच्या दाराचा पहारा

हे मी रंगवून सांगत नाही. खोटं वाटलं तर आमच्या माजी सैनिक संघटनेच्या शाखेत जाऊन कुणालाही विचारा. तिथले म्हातारे थापा मारतात, पण याबद्दल नाही.

शाखेची जागा म्हणजे एक लांबट हॉल. रस्त्याकडच्या दाराला लागून चहाची खोली, आणि मागे अंगणात उघडणारं लोखंडी दार. मी ज्यांच्या घरी राहतो, ते माझे मामा तिथले सचिव. माणूस निवृत्त झाला, आवाज झाला नाही. मामी म्हणायच्या, "आमच्या घरात भाजीसुद्धा सावधानमध्ये उभी राहते."

शाखेतले सगळ्यात ज्येष्ठ सभासद खांबकाका. एकदा उभे राहिले की हलायचे नाहीत, म्हणून हे नाव.

गेल्या उन्हाळ्यात, एका रविवारी, रक्तदान शिबिर होतं. अंगणातून भटकी कुत्री सारखी आत शिरत होती. मामांनी गमतीत हुकूम सोडला.

"काका, मागचं दार तुमच्याकडे. आत-बाहेर कोणी जाता कामा नये!"

काकांनी टाचा जुळवल्या. "जी साहेब."

आता यातली मेख सैनिकालाच कळेल. पहाऱ्यावरचा माणूस आपण होऊन जागा सोडत नाही. दुसरा येऊन त्या जागी उभा राहिला, की मगच पहिला मोकळा. त्या दुसऱ्याला म्हणतात बदली.

मामा बदली पाठवायला विसरले.

शिबिर छान झालं. आवराआवर झाली, पुढच्या दाराला कुलूप लागलं. मामा घरी येऊन जेवायला बसले.

"खांबकाका जेवले का हो?" मामींनी सहज विचारलं.

मामांचा घास हातातच राहिला.

दोघं धावत सुटले. काका अंगणात होते. रणरणत्या उन्हात, भिंतीला पाठ लावून, ताठ उभे. मामांनी खांद्याला हात लावला...

काका कोसळले. जीव केव्हाच गेला होता.

मामांनी ते फार मनाला लावून घेतलं. तरी शाखेचं काम थांबलं नाही. काही आठवड्यांनी डोळ्यांची तपासणी होती. अंगणातला नळ गळत होता म्हणून प्लंबर बोलावला. तो मागच्या दाराकडे गेला आणि लगेच परत आला.

"मागचे बाबा जाऊ देत नाहीत," तो वैतागून म्हणाला.

मामांनी जाऊन पाहिलं.

अंगणात... कोणीच नव्हतं.

थंडीत कॅरमच्या स्पर्धा झाल्या. अंतिम सामना. हॉलमध्ये चिडीचूप शांतता. आणि दाराबाहेर...

टाचा जुळवल्याचा आवाज.

सगळ्यांनी ऐकला. कोणीच मान वर केली नाही. उमेदीत रणगाड्यांसमोर उभी राहिलेली माणसं कॅरमच्या सोंगटीकडे बघत बसली.

त्यानंतर ते दार उघडेनासं झालं. बिजागऱ्यांना तेल घातलं, कडी काढून टाकली. लोहारानेही हात टेकले. "बाहेरून कुणी धरून ठेवलंय का?" तो म्हणाला.

मग आली वार्षिक सभा. सकाळची वेळ. सगळे सभासद आपापल्या बायकांसह आले होते. मामा वर्षभराच्या कार्यक्रमांचा अहवाल वाचत होते, तेवढ्यात चहाच्या खोलीत ठिणगी उडाली.

वायरिंग जुनं. बघता बघता पडदे पेटले, पुढचं दार आगीत सापडलं.

सगळे मागे धावले. कुणाच्या हातात काठी, कुणी चाकाच्या खुर्चीत. मामी सगळ्यांत पुढे. त्यांनी दार ढकललं. दहा जणांनी खांदा लावला.

दार हललं नाही.

खिडक्यांना गज. धूर डोळ्यांत, घशात. मामा गर्दीतून वाट काढत दाराशी आले आणि छाती फोडून ओरडले.

"काका! पहारा संपला! दार सोडा!"

काहीच नाही...

मग बाहेरून, अगदी शांतपणे...

"बदली कोण, साहेब?"

मामींनीही ऐकलं. त्या म्हणाल्या, मामांनी एकदा मागे वळून पाहिलं. खोकणारी माणसं पाहिली. मामींकडे पाहिलं.

"मी."

दार उघडलं.

सगळे बाहेर पडले. कुणाला ओरखडासुद्धा नाही. मामा शेवटी आले. दाराशेजारी वळले, भिंतीला पाठ लावली आणि उभे राहिले.

"चला हो घरी," मामी रडत म्हणाल्या.

"येतो की. बदली आली की येतो."

दोनदा आम्ही त्यांना उचलून घरी आणलं. दोन्ही वेळा उजाडायच्या आत ते तिथे परत. डॉक्टर म्हणतात, मनाला धक्का बसलाय. हॉलला रंग दिला, कार्यक्रम पुन्हा सुरू झाले. येणारे जाणारे मामांना सलाम करतात. मागचं दार आता एका बोटाने उघडतं.

मामी रोज डबा नेतात. परवा मीही सोबत गेलो. मामा हडकले होते, पण मला बघून हसले.

"जरा इथे उभा राहतोस का रे? हात धुऊन येतो."

नळ तर समोरच होता. मी पाऊल उचललंसुद्धा. मामींनी मागून माझा शर्ट घट्ट धरला.

"तो नाही थांबणार," त्या म्हणाल्या.

मामा रागावले नाहीत. त्यांनी मामींकडे बराच वेळ पाहिलं. मग हळूच विचारलं,

"मग तू?"

डबा खाली ठेवून मामींनी मला ओढत रस्त्यावर आणलं. घरी येईपर्यंत माझा हात सोडला नाही.

आज मी सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. एकट्याच गेल्या.

आत्ताच दार वाजलं. मी उघडलं, तर दारात मामा. एकटेच.

"भूक लागली रे," म्हणाले, आणि आत येऊन ताटावर बसले.