वळणाच्या शेवटी बघ

बायकांना मोटरसायकल शिकवणारी आमच्या भागात मी एकटीच. माझं तोंड तिखट आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्या येतात, कारण माझ्या हाताखालून गेलेली बाई परीक्षेत सहसा नापास होत नाही.

त्या दिवशी ऊन कलल्यावर धाकट्या बहिणीला वळणाच्या रस्त्यावर सरावाला नेलं. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती. परवाना मिळाला तर घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची नोकरी पक्की होती. नाही मिळाला, तर सासरी जन्मभर धुणीभांडी आणि वर टोमणे.

तिचा नवरा त्याच रस्त्यावर अपघातात गेला होता. वळणावरच्या पांढऱ्या दगडावर त्याची गाडी आदळली. खोटं कशाला बोलू, मला काडीचं दुःख झालं नाही. बायकोची नजर क्षणभर दुसरीकडे गेली तरी ताट भिरकावणारा माणूस तो. तिने गाडीला हात लावायचा नाही, हाही त्याचाच हुकूम.

मी वळणाच्या आतल्या बाजूला उभी राहिले. सगळ्यांना सांगते तेच तिलाही सांगितलं. हेल्मेटचा पट्टा नीट आवळ. वेग वळणाआधी कमी कर, वळणात ब्रेक दाबू नकोस. आणि नजर जिकडे जाते, गाडी तिकडे जाते. घाबरून दगडाकडे बघशील तर दगडावरच जाशील.

पहिल्याच फेरीत ती दगडाकडे ओढली गेली आणि जेमतेम थांबली. रस्ता सामसूम होता. तापलेल्या इंजिनाचा वास तेवढा येत होता.

"ताई..." ती पुटपुटली. "हे उभे आहेत तिथे."

"कोण हे?"

"हे... माझ्याकडे बघतायत."

दगडापाशी चिटपाखरू नव्हतं. माझं डोकंच फिरलं. "उभा राहू दे मेल्याला! जन्मभर त्याच्याकडेच बघत बसलीस ना? आता वळणाच्या शेवटी बघ. कठड्यापाशी रस्ता सरळ होतो, तिथे. दुसरीकडे कुठेही नाही."

पुढच्या फेरीला मी घसा फोडून ओरडले, "वळणाच्या शेवटी बघ!" तिने हनुवटी वळवली आणि गाडी अलगद निघून गेली. त्यानंतरच्या फेरीलाही तसंच झालं. हेल्मेटच्या आत ती हसत होती. तिचं हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मला भरून आलं.

"अजून एक फेरी," ती म्हणाली. मी नको म्हणाले नाही.

ती वळणावर आली. मी सवयीने ओरडले. तिने शिकवल्याप्रमाणे मान वळवली, शेवटाकडे बघितलं, आणि तिचा बारीक आवाज आला.

"ताई... हे तिकडे गेले..."

गाडी सरळ झाली आणि कठड्यावर आदळली. बहीण जागच्या जागी गेली. रस्त्यावर ब्रेकची खूणसुद्धा नव्हती. इतका वेळ मी ओरडून शिकवत होते ते दोघांनीही ऐकलं होतं.

परीक्षा त्याच रस्त्यावर होते, त्यामुळे सराव दुसरीकडे करून भागत नाही. मी शिकवणं सोडलं नाही; पोटाला तर लागतंच. फक्त वळणावर आता तोंड उघडत नाही. सगळं घरी, दार लावून, हळू आवाजात सांगते.

काल एक शिवणकाम करणारी बाई आली होती. तिने दोन-तीन फेऱ्या छान मारल्या. मग थोड्या अंतरावर थांबून तिने हेल्मेटची काच वर केली.

"बाई, तुम्ही काहीच सांगत नाही. त्यापेक्षा त्या ताई बऱ्या. प्रत्येक फेरीला ओरडून सांगतात."

"कुठल्या ताई?"

"त्या काय... कठड्यावर बसल्यात."

मी तिकडे बघितलं नाही. "काय... काय सांगतात?"

"पहिल्यांदा म्हणाल्या, वळणाच्या शेवटी बघ. आता म्हणतात, बाईंच्या मागे बघ. हे तिथे उभे आहेत."

तिने काच खाली केली आणि गिअर टाकला. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे खिळली होती.