गोलाला बारा कोपरे

गोलाला बारा कोपरे पाडायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? वॉर्ड ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही फतवा काढलात, की सोलच्या या वॉर्डातल्या प्रत्येक दुकानाची पाटी आधी तुमच्या थ्री-डी नकाशात चढली पाहिजे आणि मग त्याच फाईलवरून बनली पाहिजे. आणि नकाशा जड होतो म्हणून कुठल्याही गोल अक्षराला बारापेक्षा जास्त बाजू नकोत. ज्या लिपीत नुसतं वर्तुळ हे आख्खं अक्षर आहे, त्या लिपीत लिहिणाऱ्या माणसांना तुम्ही हे सांगितलंत. फतवा तुमचा, शिक्का तुमचा, आणि शिव्या खाल्ल्या कुणी? युनसुलने.

वॉर्डाने नेमलेल्या एका छोट्या कंपनीत ती कंत्राटावर अक्षरं घडवायची. पडद्यावर सपाट अक्षर घ्यायचं, त्याला जाडी द्यायची, कडा गोलसर करायच्या. दिवसभर ती अक्षर इकडून तिकडे फिरवून बघायची आणि चडफडायची. कारण पडद्यावर ते सुरेख दिसायचं. कोपऱ्यांवर सावलीचा असा काही लेप द्यायचा, की बारा कोपऱ्यांचा सांगाडाही लोण्यासारखा गुळगुळीत वाटावा. साहेब चित्र बघत, मान डोलावत, शिक्का मारत. पण त्याच फाईलवरून पत्रा वाकवणाऱ्या यंत्राला सावली कुठे कळते? ते प्रत्येक कोपऱ्याशी थांबायचं आणि पत्र्याची पट्टी तिथे दुमडायचं.

ऑक्टोबरातली दुपार होती. गिंकोच्या झाडांखाली पिकलेल्या फळांचा सडा पडला होता आणि रस्ताभर तो घाणेरडा वास. बुटाखाली एकही फळ येऊ नये म्हणून युनसुल खाली बघत, उड्या मारत चालली होती… आणि सरळ एका शिडीवर आदळली. वरून पत्र्याचं एक कडं निसटलं. ते तिच्या खांद्यावर पडायच्या आत एका हाताने झेललं.

"खाली बघून चालणाऱ्यांनी मधूनमधून वरही बघावं," शिडीवरचा माणूस म्हणाला.

तिचं लक्ष त्या कड्याकडे होतं. "हे काय आहे?"

"वर्तुळ. म्हणजे कागदोपत्री. ज्या गाढवाने हे कॉम्प्युटरवर काढलंय ना, त्याला एकदा नेऊन द्यायचंय. पान्यासारखं नट आवळायला होईल."

"द्या इकडे." तिने हात पुढे केला. "ते गाढव मीच."

तो खाली उतरला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण माफी काही मागितली नाही. हान-ग्योल त्याचं नाव, मागच्या गल्लीत पाट्यांचा कारखाना. कडं तिच्या हातात ठेवत तो पुटपुटला, "गाढवाचे डोळे असे असतात, हे ठाऊक नव्हतं."

"आणि मिस्त्री इतके आगाऊ असतात, हे मला."

तुमचा पडदा खोटं बोलतो, असं तो म्हणाला तेव्हा तिने त्याला दुरुस्त केलं. "पडदा नाही बोलत. मी बोलते. पगार घेऊन."

त्या दिवसापासून तिचं बूड एका जागी टिकेना. खुर्चीवरून उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. जेवणाच्या सुट्टीत पाय आपोआप त्या गल्लीकडे वळायचे, आणि दारात पोचल्यावर ती काहीतरी फालतू कारण शोधायची. त्याला मात्र ते फालतू वाटायचं नाही.

एका संध्याकाळी दोघं कोपऱ्यावरच्या टपरीत उभं राहून काडीला लावलेले माशांचे तुकडे खात होते. कागदी कपातला रस्सा पोळत होता. हान-ग्योलने घसा साफ करून विचारलं, आता आपण 'तुम्ही' सोडायचं का? इकडे हे विचारावं लागतं, आणि विचारताना माणूस घामाघूम होतो. युनसुल म्हणाली, "एवढा वेळ कशाला लावलास?"

टपरीच्या प्लास्टिकच्या पडद्यावर वाफ साचली होती. तिने बोटाने त्यावर वर्तुळ काढलं. चारच बिंदू. प्रत्येक बिंदूला मिशांसारख्या दोन दांड्या. कॉम्प्युटरवर त्या ओढल्या की रेषा आपोआप वळते. बिंदू जितके कमी, तितकी रेषा मोकळी, असं ती तावातावाने सांगत होती. जागोजागी दाबून धरलं की ती कुबड काढते. अशी फाईल उलट हलकी होते, पण वॉर्डाचं पोर्टल ती घेतच नाही.

"माणसांचंही असंच असतं का?" त्याने विचारलं.

"माझ्याशी असलं सिनेमातलं बोलू नकोस."

तो हसला. मग कपात बघत म्हणाला, की गल्ली हिवाळ्याआधी पाडणार आहेत. लांब दॅगू शहरात मेहुण्याचा कारखाना आहे, खिडक्यांच्या चौकटींचा. तिकडेच जाईन म्हणतोय.

"बरं," युनसुल म्हणाली. जो तो तिच्या जिभेला घाबरायचा, आणि त्या जिभेवर त्या क्षणी एवढंच आलं. बरं! घरी जाताना तिने स्वतःला इतक्या शिव्या घातल्या, की रस्त्यातलं मांजर पळालं.

गल्लीतल्या त्या कारखान्यात बनलेली शेवटची पाटी मोठ्या रस्त्यावरच्या ओक-बुन मावशीच्या दुकानाची होती. मावशी तांदळाचे मऊ केक वाफवायची, आणि तिच्या दुकानाच्या नावात चार वर्तुळं होती. युनसुलने वॉर्डाला बारा कोपऱ्यांची फाईल पाठवली, नियमाबरहुकूम, सावलीचा लेप देऊन. आणि हान-ग्योलला पेन ड्राइव्हवर दिली ती चार बिंदूंची खरी वळणं. ती कागदावर छापून घेऊन, यंत्र बंद ठेवून त्याने पट्टी हाताने वाकवली. पाटी चढली, दोघं खाली उभे राहून बघत होते. तिची करंगळी त्याच्या बाहीला लागली होती… आणि कुणीच हात काढला नाही.

वॉर्डाचा तपासनीस आला. त्याने टॅबलेटवरचं चित्र पाटीशेजारी धरलं. तंतोतंत. तो खूश झाला. मग त्याने फाईल उघडली आणि बोट लावून कोपरे मोजू लागला.

"फाईलमध्ये कोपरे आहेत. पाटीवर नाहीत. म्हणजे पाटी चुकीची."

"आणि चित्रात?" मावशीने विचारलं.

"चित्रात… नाहीत."

"मग पाटी चित्रासारखी झाली की. चित्र तर तुम्हीच पास केलंत ना?"

तो चिडला. हे कुणी केलं, म्हणून त्याने आवाज चढवला. हान-ग्योल पुढे झाला. "मी. वाकवताना हात घसरला."

"चारही वेळा सारखाच घसरला?" युनसुल उसळली. "साहेब, खोटं बोलतोय हा. वळण मी दिलंय. माझं नाव लिहा."

"हिचं ऐकू नका, हिचं कंत्राट जाईल."

"गेलं तर गेलं. तू कशाला मध्ये तोंड घालतोस?"

"पत्रा माझा आहे म्हणून."

तपासनीस पेन धरून आळीपाळीने दोघांकडे बघत होता. शेवटी कंटाळून म्हणाला, "तुम्ही दोघं नवरा-बायको आहात का?"

"अजून नाही," हान-ग्योल म्हणाला.

बोलून गेला, आणि मग त्याचा त्यालाच धक्का बसला. पदर नसल्यामुळे मावशीने तोंडाला एप्रन लावला. तपासनीसाने दोघांचीही नावं लिहिली. सुनावणी होईल, तोवर पाटी राहू दे, म्हणाला आणि मावशीने दिलेली केकची पुडी बगलेत मारून निघून गेला.

हान-ग्योल शिडी मिटायला लागला. घाईघाईने, खाली मान घालून. युनसुलने शिडीवर पाय ठेवला.

"ठेव ती खाली."

"उशीर होतोय. सामान बांधायचंय, उद्याची गाडी…"

"माझी नोकरी आज गेल्यात जमा आहे, आणि मला तिचं एवढंसुद्धा वाईट वाटत नाहीये. पण उद्या तू गेलास तर वाटेल. खूप वाटेल. हे मी त्या टपरीतच बोलायला हवं होतं, तेव्हा शेण खाल्लं. आता बोलले. मला तू हवा आहेस." तिचा श्वास फुलला होता. "आता तुझी पाळी. त्या परक्या माणसाला म्हणालास, 'अजून नाही'. माझ्याकडे बघ आणि मला सांग, हान-ग्योल… अजून नाही, तर मग कधी?"